मोजा फाटला पायजे

सिंदेवाहीत मे महिन्यात माणसं दोनच कामं करतात. एक म्हणजे कूलरमध्ये पाणी भरणं, आणि दुसरं म्हणजे कूलरमधलं पाणी संपलं म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी ओरडणं. अशा दिवसांत, भर दुपारी, पडवीत घमेल्यातल्या पाण्यात पाय बुडवून लोकरीचे मोजे विणत बसलेल्या बाई मी पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा मनात आलं की खोली दुसरीकडे पाहिलेली बरी. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात नुकतीच रुजू झाले होते आणि वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. भाडं किती, असं मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"थांब. टाच सुरू हाय."

मी थांबले. टाच सुरू असली की बाई कोणाशीच बोलत नाहीत, हे मला नंतर कळलं. गॅस सिलिंडरवाला, जावेची पोरं, मतदार यादीचं विचारायला आलेले गुरुजी, सगळे टाच वळेपर्यंत अंगणातल्या सीताफळाखाली उभे राहत. आणि टाच वळली, की याच बाई इतक्या गोड बोलत की ताटकळल्याचा राग गिळून टाकावा लागे. मला त्या म्हणाल्या, "पाय दाखव." मी चप्पल काढली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझा पाय लांब हाय वो पोरी. लोकर जास्त लागन." खोली मला मिळाली आहे, हे मी त्यावरून ओळखायचं होतं.

बाई अहेरीकडच्या एका मुलींच्या आश्रमशाळेत अधीक्षिका होत्या. थंडीत तिकडे पहाटे फरशी अशी गार पडते की मुली अंथरुणातून पाय खाली ठेवायला तयार नसत. तिथल्या दवाखान्यात केरळातली एक सिस्टर होती, तिने बाईंना मोजे विणायला शिकवलं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, त्यामुळे शिकवणं सगळं हातांनी झालं. बाई नोकरीतून निवृत्त झाल्या, मोज्यांतून झाल्या नाहीत. आता मुली नव्हत्या, तर त्या गावाला मोजे घालायला निघाल्या. ओळखीच्या प्रत्येकाला त्यांचा एक तरी जोड मिळालेला असे. कोणी मागत नसे, पण नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

विणण्याचे त्यांचे दोन कायदे होते. पहिला कायदा, घरची लोकर सरल्याशिवाय नवी लोकर आणायची नाही. ही घरची लोकर कधी सरत नसे, कारण गावात कोणाचाही स्वेटर फाटला, आटला किंवा त्याचा मालक जाड झाला की तो बाईंकडे येई. बाई तो उसवत, धुवत, गुंडे करत आणि धानाच्या पत्र्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवत. कोठीत लोकर म्हणून तांदूळ बाहेर पोत्यात, आणि पोत्यात तांदूळ म्हणून घरात उंदीर. भाऊ, म्हणजे बाईंचे यजमान, यावरून रोज एकदा तरी बोलत. "दुनिया कोठीत धान ठेवते, आमच्या घरी मेंढी ठेवली हाय."

त्या लोकरीतून जे मोजे निघत ते पाहण्यासारखे असत. तळवा शाळेच्या बाटलीहिरव्या स्वेटरचा, घोटा कोणाच्या बाळाच्या गुलाबी टोपीचा, वरची तंग पट्टी रेल्वेतल्या कोणाच्या तरी मफलरची. जोडीतले दोन मोजे एका रंगाचे असावेत हा आग्रह त्यांना श्रीमंती चोचला वाटे. मला दिलेल्या जोडीकडे बोट दाखवून त्या सांगत, हा तहसीलातला बाबू, ही त्याची सासू. बाबू आणि सासू आयुष्यात एका घरात सुखाने राहिले नव्हते, माझ्या पायात मात्र राहिले.

दुसरा कायदा, लोकर जुनी, पण अवजार नवं. इथे बाईंचा सगळा काटकसरीपणा ढेपाळे. मोबाइलवर कुठे नव्या तऱ्हेची सुई दिसली की पार्सल निघालंच. तारेने जोडलेल्या गोल सुया आल्या, दोन्ही टोकांच्या आखूड सुया आल्या, टाके ओळखू यावेत म्हणून सुईत अडकवायच्या रंगीत कड्या आल्या. कुरिअरवाला पोरगा गाडी लावता लावताच विचारायचा, "बाई, टाच तं नाई नं सुरू?" नव्या सुईची परीक्षा ठरलेली होती. आधी ती थोडा वेळ उन्हात ठेवायची, मग गालाला लावून पाहायची. स्टीलची सुई या परीक्षेत पहिल्याच फेरीत बाद झाली आणि बाईंच्या गालावर तिची खूण आठवडाभर राहिली. प्लास्टिकची सुई खिडकीत विसरली, ती संध्याकाळी वाकून बसली होती. रंगीत कड्या त्यांना पोरकट वाटल्या. त्यांच्याऐवजी त्यांनी माझं एक कानातलं वापरायला घेतलं, ते मला परत मिळालं नाही.

मग एकदा पार्सलमधून बांबूच्या सुया आल्या. त्या उन्हात तापल्या नाहीत, वाकल्या नाहीत, हातात हलक्या. बाई खूश व्हायला हव्या होत्या, पण त्या भडकल्या. "बांबू इथी, अन् बांबूच्या सुया पार्सलनं?" त्याच पावली पिशवी घेऊन त्या बुरडाकडे गेल्या. मी सुट्टीवर होते, मलाही ओढून नेलं. बुरड म्हातारा होता, सुपं आणि टोपल्या करण्यात त्याची हयात गेलेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जे दिलं त्याने तंबू ठोकता आला असता.

"सुई मांगतली होती बापा, खुटा नाई."

मग त्याने बारीक केली, ती बोटात घुसली. त्याहून गुळगुळीत केली, तर टाके घसरून पडायला लागले. शेवटी बुरडाने चाकू खाली ठेवला आणि म्हणाला, "बाई, यायनं करता काय तुमी, थे एकडाव दाखवा तं." बाईंनी त्याच्या अंगणात, बांबूच्या कामट्यांच्या ढिगावर बसून अख्खा मोजा विणला. म्हातारा आणि त्याची बायको समोर उकिडवे बसून पाहत होते. त्यानंतरची सुई नेमकी आली. वरून तो तिला मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल चोळून द्यायचा. टोरीच्या तेलात इकडे पुऱ्या तळतात, त्यामुळे नवा मोजा न धुता घातला तर पायांना सणासुदीचा वास यायचा. गल्लीतला कुत्रा माझ्या मागे कॉलेजच्या फाटकापर्यंत का येतो, ते मला बरेच दिवस उमगलं नव्हतं.

भाऊंचा या सगळ्या प्रकरणाशी संबंध विरोधापुरता. ते वनरक्षक होते. उभी नोकरी त्यांनी जंगलात पायी फिरून केली, आणि खात्याचे बूट मिळत तेही मोज्याशिवाय घातले. त्यांच्या टाचांच्या भेगांत चिल्लर ठेवता आली असती. बाईंनी लग्नानंतर पहिला जोड त्यांच्यासाठी विणला, तो त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "अस्वलाले घाल. त्याले शोभन." ते वाक्य बाई विसरल्या नाहीत. भाऊसुद्धा विसरू देत नसत. रोज सकाळी ते अनवाणी फिरायला जात, रेल्वे फाटकापलीकडे पार धान संशोधन केंद्राच्या बांधांपर्यंत, आणि येऊन पडवीत बाईंच्या समोर मुद्दाम पाय पसरून बसत. "पाह्य. कुठी काई झालं का याले?"

बाईंना काय हवं होतं ते मला एका उन्हाळ्यात कळलं, आणि तेही वाईट रीतीने. मी बसस्टँडवर उभी होते. एका सायकलच्या दांडीला पाण्याची बाटली लटकत होती आणि बाटलीला मोजा घातलेला होता. ओला, निथळणारा, बाटलीहिरवा. टाच एका बाजूला कोपरासारखी बाहेर आलेली. मग मला असे मोजे जागोजागी दिसायला लागले. चंद्रपूरकडच्या उन्हात ओली लोकर बाटलीला गुंडाळली की पाणी दुपारपर्यंत गार राहतं, हा शोध कोणा हुशार माणसाला लागला होता आणि गावाने तो एकमताने पास केला होता. मी बाईंना सांगितलं नाही. पण बाजारात भाजीवालीने सांगितलं, आणि तिने तर आभार मानले. "बाई, तुमचा मोजा भलता बेस हाय. पाणी अस्सं थंड राह्यते. आणखी एक द्या नं, पोट्ट्याच्या बाटलीले."

बाई घरी आल्या, भाजीची पिशवी तशीच ठेवली आणि घमेल्यात पाणी न घालताच त्यात पाय ठेवून बसल्या. मी शेजारी जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "इतके वर्स झाले. एक तरी मोजा फाटून आला का माझ्याकडं? कोणी म्हटलं का, बाई, याले रफू करून द्या? मोजा चालून फाटला पायजे पोरी. तवा तो मोजा होय. नाई तं थैली होय."

आतून भाऊ म्हणाले, "मंग टाच कायले काढून राह्यली? सरळ नळी विण. बाटलीले कुठी टाच असते?"

त्यानंतर बाजाराचा पुढला दिवस उजाडेपर्यंत बाई भाऊंशी बोलल्या नाहीत. वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. आणि नळी काही त्यांनी विणली नाही. लोक बाटलीला घालोत नाहीतर बैलाच्या शिंगाला, मोज्याला टाच असणारच, असं त्यांचं म्हणणं. मला ही बाई फार आवडायची ती अशा वेळी. हरल्या आहेत हे कळूनही नियमाने खेळणारी माणसं मी कमी पाहिली आहेत.

पुढे पोळ्याच्या सुमारास भाऊ सकाळी अंगणात तोंड धुताना पडले. लकवा. चंद्रपूरच्या दवाखान्यातून परत आले तेव्हा बोलणं थोडं जड झालं होतं, हात बरा होता, पण उजवा पाय गेल्यातच जमा होता. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती, की रोज चालवा. या काही महिन्यांत चालले तर चालतील, नाहीतर पाय आखडून बसेल आणि मग उपाय नाही.

भाऊ चालायला तयार नव्हते. आम्ही दोघींनी दोन्हीकडून धरलं की ते अंग असं सोडून देत की आम्हीच खाली बसायची वेळ येई. वॉकर आणला, तो त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवायला लावला. "जंगलात वाघाले रस्ता देला मी, अन् आता बायायच्या खांद्यावर चालू? गाव पाह्यन." बस, एवढंच बोलून ते खाटेवर पडत आणि छताकडे पाहत. बाई ओरडल्या, रडल्या, एकदा जेवणाचं ताट समोरून उचलून नेलं आणि पाच मिनिटांत परत आणून ठेवलं. काही उपयोग झाला नाही. त्या विणत होत्या, पण हातांचं लक्ष नव्हतं. टाके सुटायचे. टाचा वाकड्या येत होत्या आणि वाकड्या आल्या आहेत हे त्यांना दिसतही नव्हतं.

थंडी पडली. भाऊंच्या उजव्या पायाला गार फरशी कळत नव्हती, चप्पल पायात ठरत नव्हती. एका सकाळी बाईंनी काही न विचारता त्यांच्या दोन्ही पायांत मोजे चढवले. भाऊंनी चढवू दिले. जन्मात पहिल्यांदा.

मी संध्याकाळी थोडं हसवावं म्हणून म्हटलं, "जिंकलात की बाई शेवटी. घातले भाऊंनी मोजे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "असे पाय नवते पायजे मले," त्या म्हणाल्या. मला जीभ चावावीशी वाटली.

संक्रांत होऊन गेली होती. रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, बाई शेजारी भाऊंचे मोजे पिळत होत्या. पिळता पिळता थांबल्या. उजव्या मोज्याला अंगठ्याच्या खालच्या बाजूला भोक पडलं होतं. त्यातून त्यांनी बोट आरपार घातलं आणि तसंच धरून ठेवलं.

"उंदरानं खाल्ला असेल," मी म्हटलं.

"उंदीर धागा तोडते. हा घासला." त्या लोकरीचे विरलेले धागे बोटांनी चोळून पाहत होत्या. "पाय उचलत नाई, म्हणून अंगठा घासून राह्यला फरशीवर." मग माझ्या कानाशी येऊन, खाली ऐकू जाईल अशा भीतीने त्या कुजबुजल्या. "हे चालून राह्यले."

केव्हा चालतात हे शोधायला फार डोकं लागलं नाही. दुपारी जेवणं झाली की बाई शेजारी दळण-निवडणाला जात आणि मी झोपत असे. तेवढाच वेळ घरात त्यांच्याकडे बघणारं कोणी नसे. मी लगेच खाली निघाले होते, भाऊंना शाबासकी द्यायला. बाईंनी माझा पदर धरून मागे ओढलं.

"एक शब्द बोलशीन नको. यायले समजलं का आपल्याले समजलं, तं बसून जातीन. वळखतो मी यायले."

त्यांनी मोजा रफू केला आणि नेहमीसारखा खाटेच्या कठड्यावर वाळत ठेवला. रफू लाल लोकरीचा होता, मोजा करडा. आंधळ्यालाही दिसला असता. भाऊंनी तो घालून घेतला आणि हवापाण्याच्या गोष्टी केल्या.

तेव्हापासून बाई दुपारी विणकाम घेऊन माझ्या खोलीत यायला लागल्या. जाताना भाऊंना मोठ्याने सांगत, "वरती उजेड बरा हाय, मी टाच वळून येतो." आम्ही दोघी पलंगावर बसून राहायचो. थोड्या वेळाने खाली खाट करकरायची. मग भिंतीला धरून एक पाय पडायचा, आणि मागून दुसरा घासत यायचा. बाईंच्या सुया त्या आवाजाबरोबर थांबायच्या आणि आवाज थांबला की सुरू व्हायच्या. त्या दिवसांतले मोजे कोणी बारकाईने पाहिले असते तर त्यात भाऊंच्या चालण्याचा सगळा हिशेब सापडला असता, पण तो वाचता येणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

एका दुपारी खाली धप्पकन आवाज झाला आणि तांब्या घरंगळत गेला. मी उठलेच. बाईही उठल्या होत्या, पण त्यांनी माझं मनगट पकडलं. जाऊ देईनात. त्यांचे ओठ हलत होते. खाली काहीच ऐकू येत नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला, ही कसली बाई, नवरा खाली पडलाय आणि ही इथे मला धरून बसलीय. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. तेवढ्यात खाली कोणीतरी खाकरलं. खाट सरकली. आणि थोड्या वेळाने तोच आवाज, एक पाय, आणि मागून घासत दुसरा. बाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या, आवाज न करता. मीही रडले. संध्याकाळी भाऊंच्या कपाळावर टेंगूळ होतं. बाईंनी विचारलं, हे काय. भाऊ म्हणाले, डास चावला. बाई म्हणाल्या, असन.

होळी जवळ आली, मोजे घालायचे दिवस संपले, तरी भाऊंनी पायातले काढले नाहीत. रफूवर रफू चढत होते. भोक आता अंगठ्याखालून सरकत चवड्याकडे आलं होतं. घासण्याचा आवाज कमी झाला होता. आम्ही त्याबद्दल एकमेकींशीही बोलत नव्हतो, जणू बोललो तर दृष्ट लागेल.

मग एका दुपारी तो आवाज खोलीच्या दाराशी थांबला नाही. पडवीत आला. पडवीतून वळला आणि आमच्या जिन्याच्या तळाशी येऊन थांबला. बाईंच्या हातातल्या सुया जागच्या जागी राहिल्या.

"अवो," भाऊ खालून म्हणाले.

"काय?" बाईंनी आवाज शक्य तेवढा रोजचा ठेवला.

"मोजा फाटला."

मला वाटलं, आता बाई धावत खाली जातील. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"कायनं फाटला?"

खाली जिन्याच्या कठड्यावर हाताची पकड बदलल्याचा आवाज आला.

"चालून फाटला," भाऊ म्हणाले. "अन् कायनं."

"मंग आणा वरती," बाई म्हणाल्या आणि उठल्या नाहीत.

जिना चढून यायला भाऊंना फार वेळ लागला. तेवढा सगळा वेळ बाई दाराकडे पाठ करून, रफूच्या सुईत लाल धागा ओवायचा प्रयत्न करत होत्या, आणि तो काही केल्या ओवला जात नव्हता.